भांगेच्या बीचा पहिला कोंब

चांगल्या घरात एखादा वाह्यात मुलगा निघाला, की 'तुळशीत भांग उगवली' असे म्हणायची आपल्याकडे रीत आहे. म्हण करणाराने झाडांकडे नीट पाहिलेले असावे. भांग खरोखरच अशी न पेरता, न बोलावता उगवते. पाखरांना तिचे तेलकट बी फार आवडते. खाताना चोचीतून चार दाणे सांडतात आणि जिथे ओली, भुसभुशीत, खतावलेली माती मिळेल तिथे ते रुजतात. अंगणात तशी माती वृंदावनाइतकी दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणीमागचे हे कारण शब्दकोशात सापडायचे नाही, तो माझा आपला तर्क आहे. पण वनस्पतिशास्त्राच्या तो विरोधात जात नाही.

रशियाचे थोर बीजसंशोधक निकोलाय वाव्हिलॉव्ह यांनी १९२० च्या दशकात हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. भटक्या टोळ्यांच्या तळाभोवती, गुरांच्या गोठ्याजवळ आणि उकिरड्यांवर रानभांग आपण होऊन येते, हे त्यांनी पाहिले होते. माणसाने हे झाड शोधून काढले नाही, तेच माणसाच्या पाठोपाठ आले, अशी त्यांची मांडणी. कुत्र्याबद्दल आपण जे म्हणतो तेच थोडेफार या झाडाबद्दल.

आज या झाडाच्या बियांची आठवण होण्याचे कारण वेगळे आहे. ज्या बीकडे पोलीस आणि पाखरे सोडून कोणी पाहत नव्हते, ते बी गेल्या काही वर्षांत जगातल्या बऱ्याच देशांत नवशिक्या माणसांच्या हातात कायद्याने आले आहे. उत्तराखंडातला शेतकरी परवाना काढून ते पेरू लागला. जर्मनीतला नोकरदार गॅलरीतल्या कुंडीत ते लावू लागला. आपल्याकडची कितीतरी मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी त्या देशांत आहेत. तेव्हा हा विषय 'आपल्यातला नाही' म्हणून बाजूला सारण्यासारखा राहिलेला नाही.

दाण्याच्या पोटात

आपण ज्याला भांगेचे बी म्हणतो, ते काटेकोर बोलायचे तर बी नव्हे, फळ आहे. सूर्यफुलाचे जसे, तसेच. कठीण टरफलाच्या आत खरे बी असते. दाणा ज्वारीपेक्षा थोडा लांबट, राखाडी-तपकिरी आणि त्यावर कासवाच्या पाठीसारखी गडद नक्षी. दाण्याला दोन्ही बाजूंनी एक बारीक शीव असते. रुजताना टरफल नेमके त्या शिवेवर उकलते.

आत मुख्यत्वे दोन मांसल बीजदले आणि त्यांच्याभोवती वळून बसलेले चिमुकले आदिमूळ. वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेल आणि चौथा हिस्सा प्रथिने. या बीमध्ये नशा नसते. झाडातला मादक अंश मादी फुलोऱ्यावरच्या बारीक चिकट लवेत तयार होतो. म्हणून कुमाऊँ-गढवालात भांगेचे दाणे भाजून, त्यात मीठ, मिरची आणि लिंबू घालून चटणी वाटतात आणि ती घरातली लहानथोर सगळी खातात. कोणाला काही होत नाही. (तिकडच्या बाजारात 'भंगजीरा' नावाचे आणखी एक बी मिळते. त्याचा भांगेशी काही संबंध नाही. ती तुळशीच्या कुळातली वनस्पती आहे. म्हणजे इथेही तुळस आणि भांग एकमेकींचा पिच्छा सोडत नाहीत!)

तेल ही या बीची श्रीमंती, आणि दुखणेही तेच. शेंगदाणा जुना झाला की खवट होतो. तसेच याचेही होते. गव्हाचा किंवा मुगाचा दाणा कोरड्या जागी वर्षानुवर्षे तग धरतो, पण साध्या गोदामातल्या भांगेच्या बीची उगवण दोनेक वर्षांत झपाट्याने उतरते. नवशिक्याची पहिली फसगत बहुधा इथेच होते. तो खताला, मातीला, कुंडीला पैसे मोजतो आणि बी मात्र कोणाकडून तरी आलेले, कधीचे कोण जाणे, असे वापरतो. थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवलेले ताजे, भरलेले, गडद रंगाचे बी घ्यावे. हिरवट-पांढरे, हलके, चिमटीत चिरडणारे बी कच्चे असते. त्याची आशा धरू नये.

पाण्यात टाकून बुडेल ते चांगले आणि तरंगेल ते वाईट, अशी एक परीक्षा सगळीकडे सांगितली जाते. तिच्यावर फार विसंबू नये. कोरडा, गुळगुळीत दाणा आरंभी तरंगतोच. खात्रीची परीक्षा आपल्या शेतकऱ्याला ठाऊक असलेलीच: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरून नऊ दिवस त्याची उगवण पाहण्याच्या आपल्या प्रथेमागे पुढच्या हंगामाच्या बियाण्याची परीक्षा आहे, असे जुनी माणसे सांगतात. ते खरे असो वा नसो, घट हा उगवणीचा उत्तम धडा आहे एवढे नक्की.

मटकी आणि भांग

ज्या घरात मटकीला मोड आणता येतात, त्या घरात बी रुजण्याचे शास्त्र वेगळे शिकवायला नको. रात्री भिजवा, सकाळी उपसा, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवा. जर्मनीतला किंवा कॅनडातला नवखा माणूस भांगेच्या बीचे करतो ते याहून निराळे नाही. फक्त फडक्याऐवजी टिपकागद किंवा ओलसर कागदी रुमाल वापरतो आणि वर एक बशी पालथी घालतो.

आत घडते ते असे. कोरडे बी पाणी शोषून फुगते. ही पहिली पायरी मेलेले बीसुद्धा चढते, म्हणून बी फुगले याचा अर्थ ते जिवंत आहे असा नव्हे. त्यानंतर जिवंत बीचा श्वासोच्छ्वास वाढतो, विकरे जागी होतात, साठवलेले तेल आणि प्रथिने विरघळवून अंकुराला पोचवू लागतात. या कामाला प्राणवायू लागतो. मटकी पाण्यात दोन दिवस तशीच ठेवली तर मोड न येता तिला वास मारतो, त्याचे कारण हेच. नवशिक्या माणसाचे प्रेम बहुधा पाण्यातून व्यक्त होते आणि बी त्या प्रेमात गुदमरून मरते. पाच-सहा तास, फार तर रात्रभर भिजवणे पुरे. पुढे कागद ओलसर हवा, त्यातून पाणी निथळता कामा नये.

ऊब वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास असली, तर एक ते तीन दिवसांत शीव उकलून पांढरे आदिमूळ बाहेर डोकावते. एखाद्या दाण्याला आठवडाही लागतो. मूळ आधी, पाने मागाहून, हा क्रम निसर्गाने पक्का ठरवलेला आहे. पाण्याची सोय झाल्याशिवाय संसार थाटायचा नाही, असे त्याचे धोरण दिसते.

मूळ दिसले की माणसाला राहवत नाही. उचलून पाहावे, मोजावे, शेजाऱ्याला दाखवावे असे वाटते. ते करू नये. त्या टोकावरचे केस इतके नाजूक असतात, की बोटाने ते सहज मोडतात आणि दोन-चार मिनिटांच्या कोरड्या हवेने सुकतात. मूळ पाव-अर्धा इंच झाले की हलक्या मातीत, बोटाच्या पहिल्या पेराहून कमी खोल, टोक खाली करून ते ठेवायचे. उलटे पडले तरी घाबरायचे कारण नाही, मुळाला जमिनीची दिशा आपोआप कळते. मात्र ते वळण घेण्यात त्याची शक्ती खर्च होते. फार खोल पुरले, तर बीजदलांतली शिदोरी वाटेतच संपते.

पुढचा देखावा पाहण्यासारखा असतो. रोपाची मान आधी वाकलेली, माती डोक्याने नव्हे तर खांद्याने ढकलत वर येते. वर आली की सरळ होते आणि दोन गुळगुळीत बीजपत्रे उघडतात. कधी कधी टरफल टोपीसारखे डोक्यावरच राहते. ओढून काढायला जावे तर पानासकट हातात येते. चार थेंब पाणी लावून वाट पाहावी. त्यानंतर येतात ती खरी पाने. पहिली जोडी एकेरी, करवतीच्या कडांची. पुढच्या जोडीला तीन बोटे, मग पाच, मग सात. ज्या पंजासारख्या पानामुळे हे झाड जगभर ओळखले जाते, ते जन्मतः तसे नसते.

याच दिवसांत रोप जमिनीलगत काळे पडून कोलमडते. मिरची-वांग्याची रोपे करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ही मर चांगली परिचयाची आहे. ओल जास्त, हवा कमी आणि दाट लावणी, एवढे मिळाले की मातीतल्या बुरशीला दुसरे काही लागत नाही.

निम्मे नर

भांगेत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. पपईसारखेच. बी पाहून ते ओळखता येत नाही. कोणी ओळखून देतो म्हणाला तर तो थापा मारतो आहे असे समजावे. साधारण निम्मी बिये नर निघतात. दोरखंड आणि कापड करणाराला नरही चालतो, किंबहुना त्याचा धागा जास्त मऊ. बी करणाराला दोन्ही हवेत. गांजा करणाराला मात्र नर नकोच, कारण पराग पडले की मादीची शक्ती बी धरण्यात जाते.

एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या नौगाव भागात सरकारी परवान्याने गांजाची शेती चाले. तिथे फुलण्याआधी शेतातून फिरून नर झाडे ओळखून उपटणारी वाकबगार माणसे असत. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांना चक्क 'गांजा डॉक्टर' म्हटलेले आहे. आज प्रयोगशाळेत मादी झाडाला रसायन मारून त्याच्याकडून नर फुले धरवतात आणि त्या परागापासून जवळजवळ सगळे मादीच निपजेल असे बी तयार करतात. डॉक्टरांचा धंदा बसला तो असा.

जर्मनीतल्या नव्या माणसाला या बीचे मोल वाटते ते कायद्यातल्या संख्येमुळे. १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या तिथल्या कायद्याने, तिथे किमान सहा महिने राहणाऱ्या, अठरा वर्षांवरील व्यक्तीला घरी एका वेळी तीन झाडे लावायची मुभा दिली. तीनपैकी दोन नर निघाले तर काय घ्या! त्याच कायद्यात दुसऱ्या बाजूला असेही आहे, की झाडे लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवली पाहिजेत आणि घरी पिकवलेले दुसऱ्याला द्यायचे नाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सर्वसाधारणपणे घरटी चार झाडे चालतात, पण क्वेबेक प्रांताने घरात लावायला बंदी केली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे एकाच देशात एका शहरात जे झाड छंद ठरते, ते दुसऱ्यात दंडाला कारण होते.

अमेरिकेत तर आणखी गंमत. अनेक राज्यांनी मोकळीक दिली, पण तिथल्या नागरिकत्व खात्याने २०१९ मध्ये स्पष्ट केले, की राज्याचा कायदा काहीही म्हणो, भांगेशी संबंधित व्यवहार नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येऊ शकतो. दहा-बारा वर्षे रांगेत काढलेल्या आपल्या मुलांनी एका कुंडीपायी ती जुगारावर लावावीत का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मला विचाराल तर लावू नयेत.

आपल्याकडचा हिशेब

आपल्याकडे कायदा काय म्हणतो, याबद्दल सुशिक्षित घरांतही विलक्षण गैरसमज आहेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजाची जी व्याख्या केली, तीत फुलोरा येतो. फुलोरा सोबत नसेल तर पाने आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. होळीची आणि महाशिवरात्रीची भांग या फटीतून राज्याराज्यांच्या नियमांप्रमाणे शिल्लक राहिली. २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यताही दिली. यावरून पुष्कळांचा समज होतो, की बी विकत मिळते त्या अर्थी ते कुंडीत लावले तर काय बिघडले?

तिथेच सगळे बिघडते. बी खाणे आणि बी लावणे यांच्यामध्ये हा कायदा भिंत उभी करतो. परवानगीवाचून भांगेचे झाड लावणे हाच गुन्हा, मग ते एक असो की एकर असो, मादी असो की नर. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कुंडीत लावलेले शोभेचे झाड म्हणून सुटका होत नाही. परदेशातून येताना सामानात चार बिया आणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की पेरणीचे कोणतेही बी देशात आणायला वनस्पती-संसर्गरोधाचा परवाना लागतो. तो झेंडूच्या बियांनाही लागतो.

याच कायद्यात चौदावे कलम आहे. धागा किंवा बी मिळवण्यासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकते, असे ते सांगते. ते तेहतीस वर्षे जवळजवळ झोपून होते. २०१८ मध्ये उत्तराखंडाने त्याचा आधार घेऊन व्यापारी लागवडीला वाट करून दिली. अट एकच: झाडातला मादक अंश ०.३ टक्क्यांहून कमी हवा.

हा आकडा कुठून आला? कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी, कुठेतरी रेघ मारायची म्हणून तो घेतला. पुढे देशोदेशींच्या कायद्यांनी ती रेघ दगडावर कोरली. आता हिमालयातल्या शेतकऱ्याच्या अंगाने पाहा. त्याच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या उगवणारी भांग या रेघेत बसेलच असे नाही. पीक उभे राहिले, चाचणी झाली आणि आकडा वर गेला की सगळे नष्ट करायचे. बरे, युरोपातले कमी नशेचे बी आणावे तर ते तिकडच्या उन्हाळ्यातल्या सोळा-सतरा तासांच्या दिवसांसाठी घडवलेले. भांग दिवसाची लांबी मोजून फुलते. आपल्याकडचा लहान दिवस मिळाला की परके रोप गुडघ्याएवढे असतानाच फुलावर येते, मग धागा निघायचा कसा आणि किती? म्हणून खरी अडचण परवान्याइतकीच बियाण्याची आहे. इथल्या दिवसमानाला जुळलेले, नशा नसलेले, उगवणीची खात्री असलेले बी शेतकऱ्याच्या हाती पडल्याशिवाय 'भांगेतून समृद्धी' वगैरे भाषणांना मी तरी फार किंमत देणार नाही.

तरी तिथला शेतकरी या पिकाकडे वळू पाहतो त्याला कारण आहे. गावे ओस पडत आहेत, राहिलेल्यांच्या शेतात रानडुकरे आणि माकडे काही ठेवत नाहीत. भांगेच्या झाडाला ती सहसा तोंड लावत नाहीत. शेतातली उगवण मात्र गॅलरीतल्या कुंडीसारखी हातात नसते. इथे टिपकागद नाही. दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरायचे, धाग्यासाठी दाट, बियांसाठी विरळ. पेरणीनंतर जोराची सर आली आणि वर ऊन पडले, की जमीन खपली धरते. भांगेचा कोंब नाजूक, तो खपली फोडू शकत नाही. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्यांना हे दुःख सांगायला नको, दुबार पेरणी त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. पाणी साचले तरी तेच. पहिला महिना निभावला, की हे झाड तणालाही वर डोके काढू देत नाही, इतके भराभर वाढते.

महाराष्ट्राचा या झाडाशी संबंध केवळ म्हणीपुरता नाही. गांजाच्या चौकशीसाठी १८९३ साली इंग्रज सरकारने आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून अकराशेंहून अधिक साक्षी घेतल्या. त्याच्या कागदपत्रांत मुंबई इलाख्यातली लागवड म्हणून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव ठळकपणे येते. बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. आज त्या निष्कर्षाचा दाखला फार उत्साहाने दिला जातो. पण तेव्हाच्या झाडापेक्षा आजच्या निवडक बियांपासून येणारे झाड कितीतरी तीव्र असते, आणि कोवळ्या वयात त्याच्या नादी लागलेल्यांत मानसिक विकाराचा धोका वाढतो, हे नंतरच्या वैद्यकाने दाखवले आहे. जर्मनीने अठराची अट घातली ती उगाच नव्हे.

आणि वेरूळ. तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेचे तुकडे मिसळलेले आहेत, असे पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. माती आणि चुन्यात कालवलेल्या त्या तंतूंनी गिलावा धरून ठेवला, ओल आवरली आणि किडीला दूर ठेवले, असे त्यांचे म्हणणे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांचे किडींनी मोठे नुकसान केले आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना हे झाड कुठे मिळत होते, त्यांच्यासाठी कोणी ते मुद्दाम पेरत होते, की वस्तीच्या कडेला आपसूक उगवलेलेच कापून आणत होते, हे गिलाव्याच्या तुकड्यावरून सांगता येत नाही. त्यात खोड आणि पाने सापडतात, पेरणारा हात सापडत नाही.